डाव्या बाजूचा बूट

पॉवर स्टेअरिंगचा रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा भाग, गळायला लागला की गॅरेजात दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "किट टाकून देतो," नाहीतर "रॅकच बदला, कटकट नको." किट म्हणजे सीलांचा, तेल अडवणाऱ्या कड्यांचा, नवा संच. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात. पण बहुतेक वेळा ते गाडी वर घेण्याआधीच दिलेले असतात. किटवर भागेल की रॅक बदलावा लागेल, हे तेल किती गळतंय यावरून ठरत नाही. गाडी किती किलोमीटर चालली यावरूनही नाही. ते ठरतं रॅकच्या आत सरकणाऱ्या पोलादी दांड्याच्या पृष्ठभागावरून. आणि तो दांडा कसा टिकला हे ठरवतो एक रबरी बूट, रॅकच्या टोकावरचं घड्यांचं आवरण, ज्याच्याकडे टायर बदलतानासुद्धा कोणी ढुंकून पाहत नाही.

हे सगळं हायड्रॉलिक रॅकबद्दल आहे. पहिल्या पिढीची होंडा सिटी, ह्युंदाई ॲक्सेंट, फोर्ड आयकॉन, फियाट पालिओ, पॉवर स्टेअरिंगवाली इंडिका या गाड्यांमध्ये तो असतो. 15 वर्षं उलटलेल्या, नोंदणी 5 वर्षांसाठी वाढवून घेतलेल्या अशा एमएच 12 आणि एमएच 14 पाटीच्या गाड्या पुण्यात अजून बऱ्याच फिरतात. नव्या छोट्या गाड्यांना जवळपास सगळीकडे इलेक्ट्रिक स्टेअरिंग आलंय. त्यात तेलच नाही, त्यामुळे गळतीही नाही. त्यांची दुखणी वेगळी.

रॅक म्हणजे एक नळी आणि तिच्यात डावी-उजवीकडे सरकणारा लांब दांडा. त्याच्या एका बाजूला दात असतात आणि पिनियन, म्हणजे स्टेअरिंगला जोडलेलं छोटं दातेरी चाक, त्या दातांवर फिरतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून पिनियनही उजवीकडे. दांड्याचा डावीकडचा भाग गोल, ग्राइंड करून गुळगुळीत केलेला. त्याच भागावर पिस्टन, आणि पिस्टनच्या दोन्ही अंगांना तेलाचा एकेक कप्पा. पिनियनच्या वरच्या टोकाला रोटरी व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या पोटात बारीक टॉर्शन बार. स्टेअरिंग फिरवलं की हा बार किंचित पिळतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब हव्या त्या कप्प्यात जातो. गाडी सरळ चालत असेल तेव्हा तेल नुसतं पंपातून व्हॉल्व्हमध्ये आणि तिथून परत टाकीत फिरत राहतं. तेल असं सतत मोकळं वाहतं ठेवायची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने 1920च्या दशकात बसवली. बाजारात विकायच्या मोटारीत पॉवर स्टेअरिंग आलं ते मात्र 1951 साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये.

दाबाचा अंदाज असलेला बरा. टायरमधली हवा 2 बारच्या थोडी वर असते. जागेवर उभ्या गाडीचं स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं तर पंपाचा दाब गाडीप्रमाणे 60 ते 100 बारपर्यंत चढतो. सदाशिव पेठेत दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत गाडी घालताना आपण जागच्या जागी कचाकच स्टेअरिंग फिरवतो, तेव्हा सीलवर आणि हाय प्रेशर पाइपवर सगळ्यात जास्त ताण येतो. हायवेवर तासभर सरळ गेलं तर त्यातला फार थोडा. म्हणून जुन्या गाडीत चाक किंचित पुढे-मागे घरंगळू देत स्टेअरिंग फिरवावं, आणि टोकाला नेऊन 5 सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. टोकाला धरलं की तेल जागच्या जागी तापतं आणि पंप कण्हायला लागतो.

दांड्यावर बसणारी मोठी सीलं दोन. आतलं सील पिनियनचं घर, म्हणजे त्याचं कवच, आणि सिलिंडर यांच्या मध्ये असतं. बाहेरचं सिलिंडरच्या डाव्या टोकाला, बुशच्या शेजारी. शिवाय पिनियनच्या वरच्या टोकाला, जिथे स्टेअरिंग कॉलमचा शाफ्ट येऊन जुळतो, तिथे एक छोटं सील. गळतीची मुख्य दारं एवढीच.

डाव्या बाजूची भानगड अशी की स्टेअरिंग सरळ असतानासुद्धा दांड्याचा गुळगुळीत भाग बाहेरच्या सीलच्या पलीकडे, बुटाच्या आत आलेला असतो. बूट शाबूत असेल तर आत कोरडं राहतं. बुटाला वळीच्या तळाशी नखाएवढी चीर पडली की जुलैमध्ये सिंहगड रोडच्या कडेला साचलेलं पाणी आणि चिखल थेट त्या दांड्यावर. डावीकडचं चाक तर कडेच्याच पाण्यातून जातं. अशी गाडी रोज चालली तर निदान दांडा पुसला तरी जातो. ती कव्हर घालून पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभी राहिली की त्याच जागी गंज धरतो. आणि मग एके दिवशी स्टेअरिंग फिरवलं की तो गंजलेला भाग पॉलिश पेपरसारखा सीलच्या ओठावरून घासत आत जातो. सील फाटलं हे खरं, पण त्याला फाडणारा दांडा तसाच ठेवून नवं सील घातलं तर तेही त्याच वाटेने जाणार. "किट टाकलं आणि दोन महिन्यांत परत गळायला लागलं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. दोष मात्र किटला लागतो.

उजवीकडे दांड्याचा दातांचा भाग बुटात येतो, सीलवर चालणारा गुळगुळीत भाग येत नाही. म्हणून त्या बाजूचं आतलं सील गंजाने कमी आणि वयाने, उष्णतेने, जळक्या तेलाने जास्त जातं. तिकडचा बूट फाटला तर पाणी दातांत आणि पिनियनच्या बेअरिंगमध्ये शिरतं, आणि आधी खडखड सुरू होते.

आता गळतीचा पत्ता शोधायचा. जमिनीवरच्या थेंबावर विश्वास ठेवू नये. तेल सबफ्रेमवरून, म्हणजे इंजिनखालच्या चौकटीवरून, ओघळत भलतीकडेच पडतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकावा आणि सकाळी रंग बघावा. डेक्स्रॉन जातीचं एटीएफ, म्हणजे बऱ्याच पॉवर स्टेअरिंगमध्येही चालणारं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, नवं असताना लाल, जुनं झालं की तपकिरी आणि करपल्या वासाचं. इंजिन ऑइल काळं. कूलंट हिरवं किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं. ॲक्सलच्या बुटातून उडालेलं ग्रीस घट्ट आणि काळं, चाकाच्या आतल्या बाजूला शिंपडलेलं. त्यानंतर खालचा सगळा भाग डिग्रीजरने धुऊन, हवेने कोरडा करून टाकीत तेल मापात भरायचं. इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन बघायचं. हात लांब ठेवावा, कारण पाइपला बारीक छिद्र असेल तर तेलाची धार कातडी भेदून आत जाऊ शकते.

बघायचं वरून खाली. टाकीखालचे रबरी पाइप आणि त्यांचे क्लिप. पंपाच्या पुलीमागचं शाफ्ट सील. हाय प्रेशर पाइपचा रबर आणि धातू जिथे चेपून जोडलेत तो सांधा. तो फारच वेळा दोषी निघतो आणि शिक्षा रॅकला होते. मग पिनियनचं वरचं सील, ज्याचं तेल कधी कधी ड्रायव्हरच्या पायाशी मॅटखाली येतं. सगळ्यात शेवटी बूट. बूट चिमटीत धरून दाबला आणि आत काही डुचमळलं तर छोटा क्लॅम्प सोडून खाली भांडं धरावं. बुटात अर्धा कप तेल साठेपर्यंत जमिनीवर एक थेंबही न पडणं अगदी शक्य आहे. म्हणूनच "डाग नाही पण टाकीतली पातळी उतरते" या कोड्याचं उत्तर बहुधा बुटात असतं. बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बुटांना जोडणारी हवेची बारीक नळी असते आणि त्या नळीतून तेल एका बुटातून दुसऱ्यात जातं. दोन्हीकडे तेल दिसलं म्हणून दोन्ही सील गेली असं समजू नये. जिकडे जास्त आहे तिकडून संशय सुरू करावा.

तेल कमी होत नाही, पण टाकीत फेस येतो आणि स्टेअरिंग फिरवताना घूंऽऽ आवाज येतो, असंही होतं. ही गळती बाहेरच्या दिशेने नसते, हवा आत ओढली जात असते. जुन्या होंडांमध्ये पंपाच्या तोंडाची छोटी ओ-रिंग कडक होते आणि तिथून पंप हवा ओढतो. ती ओ-रिंग रॅकच्या मानाने कवडीमोलाची. ती न बघता रॅक उतरवणाऱ्याला काय म्हणावं!

लीकेज थांबवायची बाटली मिळते. त्यातली रसायनं रबर फुगवतात, म्हणून कडक झालेलं सील काही काळ दांड्याला चिकटतं. फाटलेल्या सीलला आणि गंजलेल्या दांड्याला तिचा काही उपयोग नाही, आणि पाइपांची रबरंही तीच रसायनं पितात. जुनी गाडी विकत घेताना मात्र ही बाटली लक्षात ठेवावी. टाकीत तेल चकचकीत नवं आणि बूट आतून ओला, असं दिसलं तर भाव पाडायला हरकत नाही.

गळतीसह गाडी चालवत राहणं कितपत चालतं? पॉवर गेली तरी स्टेअरिंग आणि चाकं यांचा यांत्रिक सांधा तुटत नाही. गाडी वळते, फक्त जड होते. पण कात्रज घाटाच्या वळणात ती अचानक जड झाली तर हाताला अंदाज यायला जो क्षण लागतो तोच महाग पडतो. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आगीचा धोका आहे. आणि टाकी कोरडी ठेवून चालवलं की पंप स्वतःलाच खातो, त्याचा धातूचा कीस तेलाबरोबर रॅकमध्ये येतो. असा कीस असलेल्या पाइपांना नवा रॅक जोडला तर तोही खराब व्हायला वेळ लागत नाही.

रॅक उतरवण्याचं काम अवघड कमी आणि अडचणीचं जास्त. पुढची दोन्ही चाकं वर, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर; नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्टेअरिंग सरळ करून लॉक करायचं किंवा सीटबेल्टने बांधून टाकायचं. एअरबॅगच्या गाडीत रॅक सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं गरगर फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची गुंडाळलेली वायर, तुटते आणि भलताच खर्च अंगावर येतो. कॉलमच्या जोडाचा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेतून जातो. काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एकच रेघ मारून ठेवावी. टाय रॉड एंड, म्हणजे टाय रॉड चाकाला जोडणारा बाहेरचा सांधा, सोडताना चेक नटापासून किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहावं. कॅसल नटाची स्प्लिट पिन नवीनच घालायची. एंड सोडवताना आट्यांवर हातोडी न मारता पुलर वापरावा. पाइपांच्या फ्लेअर नटांना फ्लेअर नटाचाच पाना, साध्या पान्याने ते गोल होतात. सुटलेल्या तोंडांना लगेच टोपण लावायचं. काही गाड्यांत सबफ्रेम खाली घ्यावी लागते. तेव्हा इंजिनला वरून आधार दिलाय ना, हे गाडीमालकाने स्वतः बघितलं तरी चालेल.

टेबलावर आल्यावर बाहेरून रॅक धुऊन बूट आणि रॅक एंड, म्हणजे दांड्याच्या टोकांचे आतले सांधे, काढायचे. रॅक एंड सोडताना दांडा दातांजवळच्या सपाट जागी धरायचा. गुळगुळीत भागाला पान्याचा एक चावा बसला की किटचा प्रश्नच मिटला. दांडा पिनियनवर दाबून धरणाऱ्या ॲडजस्टरचा नट किती आत आहे त्याची खूण करून तो, स्प्रिंग आणि गाइड बाहेर. मग पिनियन आणि व्हॉल्व्ह. डाव्या टोकाची रिंग किंवा बुश सोडवून दांडा तिकडूनच बाहेर. आता जे बघायचं ते बघायचं. दांडा पुसून नख फिरवा. नख अडकलं तर किट नाही. नुसता रंग बदललाय, नख अडकत नाही, तर अगदी बारीक पेपरने घासून चालतं. व्ही ब्लॉकवर फिरवून डायल गेज लावला तर वाक कळतो, गाडीप्रमाणे 0.15 ते 0.3 मिमीच्या वर गेला तर दांडा बाद. खड्ड्यात जोरात आपटलेल्या गाडीत हे न तपासणं म्हणजे निम्मं काम सोडणं.

व्हॉल्व्हचं घर आतून बघावं. त्यावर टेफ्लॉनच्या चार रिंगा फिरतात आणि घर ॲल्युमिनियमचं असेल तर वर्षांनुवर्षांत खाचा पडतात. सकाळी गाडी सुरू केल्यावर स्टेअरिंग जड, आणि तापल्यावर हलकं, अशी तक्रार होती का ते मालकाला विचारावं. उत्तर "हो" असेल आणि खाचा दिसत असतील तर किटने गळती थांबेल, जडपणा नाही. अशा वेळी रॅक बदलणंच शहाणपणाचं.

दांड्याला खड्डे पडले असतील तर भोसरीत हार्ड क्रोम करून ग्राइंड करून मिळेल, असं सुचवणारे भेटतात. यंत्रांच्या शाफ्टसाठी ते उत्तम. स्टेअरिंगच्या दांड्यासाठी माझं मत विरोधात आहे. क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच काही तास 200 अंशांच्या आसपास भाजलं तर तो निघतो, पण ते भाजणं खरंच झालं की नाही हे दांड्याकडे बघून कळत नाही. वेल्डिंगबद्दल तर बोलायलाच नको.

किट बसवताना सगळ्यात जास्त सीलं कुठे मरतात? दातांवर. आतलं सील दांड्यावरून सरकवताना त्याचा ओठ दातांच्या धारेवर कापला जातो आणि ते बाहेरून दिसतही नाही. कंपनीचं टूल नसेल तर कोल्ड्रिंकच्या बाटलीचं पातळ प्लास्टिक कापून दातांभोवती गुंडाळायचं, त्यावर पॉवर स्टेअरिंगचं तेल लावायचं आणि सील त्यावरून न्यायचं. सीलची स्प्रिंगवाली बाजू दाबाच्या तेलाकडे. टेफ्लॉनच्या रिंगा गरम पाण्यात मऊ करून ताणायच्या आणि बसवल्यावर निमुळत्या नळीने परत दाबून मापात आणायच्या. घाईत तशाच फुगलेल्या रिंगा आत ढकलल्या की त्या कापल्या जातात. टोयोटाची मॅन्युअलं जोडलेल्या रॅकच्या पाइपांना 400 मिमी पाऱ्याइतका व्हॅक्यूम लावून 30 सेकंद थांबायला सांगतात. काटा हलला नाही तर सीलं धरून आहेत. गाडीला रॅक लावण्याआधी ही परीक्षा घेणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

ॲडजस्टर आवळताना मोह आवरावा. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, ढिला राहिला तर स्पीड ब्रेकरवर रॅक वाजतो. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच.

नवा, रिकंडिशन की जुन्या बाजारातला? नाना पेठेत किटही मिळतं आणि रॅकही. कंपनीचा नवा रॅक मिळत असेल आणि गाडी अजून काही वर्षं ठेवायची असेल तर तोच. रिकंडिशन घेताना आतला दांडा बदललाय का, हे थेट विचारावं आणि डावा बूट सरकवून दाखवायला सांगावं. दुकानदार नाही म्हणाला तर तेच उत्तर समजावं. भंगारात निघालेल्या गाडीचा रॅक घ्यायचा असेल तर ती गाडी पुढून ठोकलेली नसावी, आणि दांडा दोन्ही टोकांपर्यंत हाताने सरकवून मध्ये कुठे अडकतो का ते पाहावं. तो थेट गाडीला लावू नये. त्यातही किट घालूनच लावावा.

रॅक कुठलाही असो, जुनं तेल पूर्ण काढावं. परतीचा पाइप टाकीपासून सोडून बाटलीत धरायचा, टाकीचं ते तोंड बंद करायचं आणि नवं तेल ओतत जुनं बाहेर काढायचं. बहुतेक गाड्यांत 1 लिटरच्या आसपास तेल मावतं, म्हणून 2 लिटर आणून ठेवावं. कुठलं तेल ते टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलात लिहिलेलं असतं. होंडाचं तेल वेगळं, काही युरोपियन गाड्यांचं हिरवं तेल वेगळं. "सगळं एकच असतं" म्हणणाऱ्याच्या हातात बाटली देऊ नये. टाकीच्या तळाची जाळी तुंबलेली असते, ती धुवावी, निघत नसेल तर टाकी बदलावी. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर आणि ओ-रिंगा नव्या. काढलेलं तेल गटारात नाही. जुनं इंजिन ऑइल नेणाऱ्यालाच हेही द्यावं.

हवा काढताना घाई झाली की नवा रॅकही ओरडतो. पुढची चाकं वर ठेवून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग सावकाश दोन्ही टोकांना 15-20 वेळा फिरवायचं आणि टाकी भरत राहायचं. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून परत तेच, टोकाला न थांबता. फेस दिसला तर इंजिन बंद करून तो बसेपर्यंत वाट पाहायची.

शेवटी अलाइनमेंट. आटे मोजून लावले असले तरी ती फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नेण्यापुरती सोय. स्टेअरिंग वाकडं आलं तर ते उपटून सरळ लावायचं नाही, एक टाय रॉड जेवढा लांब तेवढाच दुसरा आखूड करून सरळ करायचं. टो, म्हणजे वरून पाहता पुढच्या चाकांचा आत-बाहेर रोख, बदलताना टाय रॉड फिरतो आणि छोट्या क्लॅम्पला धरून बूटही पिळला जातो. पिळलेला बूट त्याच घडीवर वर्षभरात फाटतो. म्हणून अलाइनमेंटवाल्याला आधीच सांगावं: क्लॅम्प ढिला करून, बुटाच्या तोंडाला आतून थोडं ग्रीस लावून मगच रॉड फिरव, आणि झाल्यावर बूट सरळ करून क्लॅम्प परत बसव. गाडी मशीनवरून उतरण्याआधी खाली वाकून, डावीकडून सुरुवात करून, दोन्ही बूट बघून घ्यावेत.